फुकट आहे म्हणून?

पोस्ट थोडी लांबली आहे. सवडीने वाचा, पण वाचा, कारण प्रश्न तुमच्या मोबाईलमधल्या फोटोंचाही आहे. आणि हो, यात माझी स्वतःची एक चूक पण आहे. ती आजवर इथे कधी लिहिली नव्हती.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं ते आठवडाभर हललं नाही. परत आलो तेव्हा पलंगाखालची लोखंडी ट्रंक चिखलाने भरलेली. त्यात घरातले सगळे अल्बम. आई-वडिलांच्या लग्नाचे, आजीचे, आमच्या मुंजीचे, आणि वडिलांचा साखर कारखान्याच्या गेटवर सायकल धरून उभे असलेला एक. वडिलांचा तरुणपणीचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे होता.

मी आणि माझ्या मुलीने चार दिवस तेच काम केलं. फोटो अलगद सोडवायचे, वर्तमानपत्रावर पसरायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि कडेने रंग उडायच्या आत मोबाईलवर त्यांचा फोटो काढायचा. साधारण साडेतीनशे वाचले. ते सगळे एका फुकटच्या ऑनलाइन खात्यावर चढवले. मुलगी म्हणाली, "बाबा, आता कितीही पूर आला तरी हे भिजत नाहीत." मला तेव्हा भरून आलं होतं. मूळ फोटोंना बुरशी धरायला लागली होती, वास येत होता. महिनाभराने ते आम्ही टाकून दिले.

२०२३ मध्ये मोबाईल बिघडला. नवा घेतला. खात्यात जायला लागलो तर ओटीपी मागितला, आणि तो जाणार होता खातं उघडताना दिलेल्या नंबरवर. म्हणजे माझ्या दुसऱ्या सिमवर, जे मी रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. त्या नंबरवर फोन लावला तर वर्ध्याकडच्या एका माणसाने उचलला. नंबर आता त्याला मिळालेला. मी सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ भाऊ, आला का सांगतो न." आणि खरंच त्याने ओटीपी सांगितला. मी टाकला. आणि यंत्राने ठरवलं की नवा मोबाईल, जुना नंबर, भलतंच ठिकाण, म्हणजे यात काहीतरी संशयास्पद आहे. खातं कुलूपबंद.

यात माझा दोष आहे. नंबर बदलायला हवा होता, दुसरी प्रत ठेवायला हवी होती. आणि अनोळखी माणसाकडून ओटीपी मागवणं तर कोणीच करू नये. सुरक्षेसाठी कुलूप लावलं याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या खात्यात उद्या चोर शिरू नये म्हणूनच ते आहे. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. कुलूप लावल्यावर मी दार वाजवलं, तर आत माणूसच नव्हता. अर्ज भरला, दोन मिनिटांत उत्तर: "आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे." दोन मिनिटांत! पुन्हा भरला, पुन्हा तेच. आधार कार्ड देतो म्हटलं, ते घ्यायला जागा नाही. त्या फोटोंतल्या माणसांची नावं सांगतो म्हटलं, ते ऐकायला कान नाही. फोन नंबर नाही, पत्ता नाही, खाली सही करणाऱ्याचं नाव नाही.

मित्राला सांगितलं तर तो हसला. "फुकट ते पौष्टिक म्हणून खाल्लंस ना? मग आता ओरडतोस कशाला?" दुसऱ्याने म्हण ऐकवली, धर्माची गाय आणि दात का नाय. मी गप्प बसलो. गप्प बसायचं कारण वेगळं होतं. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका बाईला ऐकवलं होतं.

आता ती गोष्ट.

२०१९ च्या पुरानंतर मी एक पेज सुरू केलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण तिथूनच माझ्याकडे आलात. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेतून किती पाणी सोडलंय याचा आकडा मी टाकायचो. सरकारी आकडेच, फक्त एका जागी आणि सोप्या मराठीत. पैसे नाहीत, जाहिरात नाही. वर ठळक अक्षरांत मथळा: "आजची पातळी". लोक विश्वासाने बघायचे. कोणी फोन करून विचारलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

जुलै २०२१. गुरुवार, २२ तारखेला संध्याकाळी मी आकडा टाकला. त्या रात्री वरच्या भागात पाऊस कसा कोसळला ते सगळ्यांना माहीत आहे, चिपळूण त्याच दिवशी बुडालं. शुक्रवारी सकाळपासून मी आईला आणि सामानाला वरच्या मजल्यावर हलवण्यात गुंतलो. मग वीज गेली, मोबाईल उतरला. पेज कोणाच्या लक्षात राहतंय? पण पेज जिथल्या तिथे होतं. त्यावर "आजची पातळी" असा मथळा होता आणि त्याखाली कालचा आकडा. तारीख, वेळ काही नाही. मी कधी लिहायचोच नाही. मथळ्यात "आजची" होतं ना!

पाणी ओसरल्यावर एका ताईंचा फोन आला. दत्तनगर भागातल्या. घरातच शिवणकाम करणाऱ्या. दोन मशिनं आणि गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे तळमजल्यावर होते. त्यांनी शुक्रवारी दुपारी माझं पेज बघितलं, आकडा घाबरण्यासारखा नव्हता, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबल्या. संध्याकाळी कपडे तेवढे निघाले, मशिनं राहिली.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अहो ताई, मी काय याचे पैसे घेतो का? फुकट करतो. तुम्ही सरकारी आकडा बघायला पाहिजे होता."

त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पैसे नाही घेत तुम्ही, बरोबर आहे. पण पेज चालू ठेवलं होतं ना? बंद असतं तर मी स्वतः पुलावर जाऊन बघून आले असते."

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. फुकट सेवेवरचा सगळा वाद माझ्यापुरता या एका वाक्यात मिटतो. देणारा म्हणतो, मी काहीच घेतलं नाही. पण घेणाऱ्याने काहीतरी सोडलेलं असतं. पुलावर जायची सवय सोडली. अल्बम छापायचा सोडला. पत्ते वहीत लिहून ठेवायचे सोडले. भरवसा टाकला म्हणून सोडलं. आणि तो भरवसा टाकायला आपणच सांगितलेलं असतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालतात. रांजणाला ओली फडकी गुंडाळलेली, वर झाकण, शेजारी ओगराळं. पाण्याचे पैसे कोणी मागत नाही. म्हणून त्यात नदीचं गढूळ पाणी भरलं तर चालेल का? फुकट आहे म्हणून रांजण आठ-आठ दिवस घासला नाही तर चालेल? पाणपोई कायम चालवलीच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, पावसाळा आला की उचलतातच. पण ऐन मे महिन्यात दुपारी बारा वाजता न सांगता उचलली, तर तिच्या भरवशावर बाटली न घेता निघालेल्या माणसाने काय करायचं?

आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तर "फुकट" हा शब्दही अर्धाच खरा. जाहिरातीवाले आपल्या नजरेचे पैसे मोजतात, हे आता शाळेतलं पोरगंही सांगतं. त्यावर जास्त लिहीत नाही. मला वाटतं, अगदी खरोखरच फुकट असलं तरी काही देणं लागतंच. माझं पेज खरोखरच फुकट होतं.

आमच्या कट्ट्यावरच्या वकील मित्राकडे हा विषय काढला तेव्हा त्याने तीन गोष्टी सांगितल्या. त्या मला नव्या होत्या.

एक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. यात "सेवा" या शब्दाच्या व्याख्येतूनच मोफत दिलेली सेवा वगळली आहे. म्हणजे फुकट घेतलं की आपण ग्राहकच नाही. ऐकून मी म्हटलं, संपलंच मग. तो म्हणाला, थांब. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता. तेव्हाच्या जुन्या ग्राहक कायद्यातही हीच मेख होती. न्यायालयाने सांगितलं की जे रुग्णालय सगळ्यांनाच मोफत सेवा देतं ते या कायद्याच्या बाहेर. पण जिथे काही रुग्ण पैसे भरतात आणि काही गरीब रुग्णांना मोफत उपचार मिळतात, तिथला मोफतवाला रुग्णसुद्धा ग्राहकच. नाहीतर कायद्याचं संरक्षण फक्त पैसेवाल्यांना मिळेल.

आता बघा. ज्या ऑनलाइन सेवांमध्ये तुम्हाला-मला थोडी जागा फुकट मिळते आणि जास्त जागेसाठी दुसरा माणूस दरमहा पैसे भरतो, तिथे याहून वेगळं काय आहे? दुकान एकच, गल्ला एकच. हा निकाल रुग्णालयांचा आहे, इंटरनेटचा नाही, हे मला समजतं. पण त्यातला न्याय इथेही लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दोन. आपला कराराचा कायदा, १८७२ चा. त्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याबद्दल कलम १५१ आहे. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी त्याने घेतलीच पाहिजे. आणि हे "सर्व बाबतीत". सांभाळायचे पैसे घेतले की नाही यावर काळजी कमी-जास्त होत नाही. पुढे कलम १५९ मध्ये उसन्या दिलेल्या वस्तूबद्दल आहे. फुकट वापरायला दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो. पण ठराविक मुदतीसाठी किंवा कामासाठी म्हणून दिली असेल, आणि त्या भरवशावर घेणाऱ्याने असं काही केलं असेल की मध्येच परत देण्यात फायद्याहून नुकसानच जास्त, तर ते वरचं नुकसान मालकाने भरून द्यायचं. फोटोची फाईल म्हणजे या कायद्यातला "माल" नव्हे, असं मित्राने लगेच बजावलं. ठीक आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं, त्यांना शिवणकाम करणाऱ्या ताईंचं म्हणणं कळलं होतं, एवढं मला पुरे.

तीन. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. आपण वापरतो त्या समाजमाध्यमांनी आणि तसल्या सेवांनी तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, आणि ठरवून दिलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची. त्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ पासून काम करतात आणि अपील ऑनलाइन करता येतं. मला हे कळलं तेव्हा माझे ३० दिवस कधीच उलटून गेले होते. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतोय.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही आहे, त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात आपल्या पश्चात आपले हक्क कोणी बजावायचे यासाठी वारस नेमायची सोय आहे, ही चांगली गोष्ट. पण २०१९ च्या विधेयकात एक हक्क होता: आपली माहिती एका सेवेतून उचलून दुसरीकडे नेण्याचा. युरोपात तो २०१८ पासून आहे. आपल्या अंतिम कायद्यात तो गळाला. घर बदलताना सामान नेता येणार की नाही, इतका साधा हा प्रश्न. यावर कुठे मोर्चा निघाला नाही, मीही काढला नाही.

बरं, सगळे वाईटच वागतात असंही नाही. ऑर्कुट आठवतंय? कॉलेजच्या दिवसांत आपण सगळे तिथे पडीक. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. तीन महिने आधी सांगितलं, आणि फोटो वगैरे उतरवून घ्यायला पुढे २०१६ पर्यंत वाट ठेवली. गुगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद फुकट जागा देऊ केली आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरायला सुरुवात केली. सवय लावून मग पैसे मागितले, यावर टीका करायला जागा आहे. पण सहा महिन्यांहून आधी सांगितलं आणि त्या फुकट योजनेत आधी चढवलेले फोटो हिशोबात धरले नाहीत. उलट याहू ग्रुप्सने २०१९ मध्ये ऑक्टोबरात जाहीर केलं आणि डिसेंबरात वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार पुसायला घेतला. आणि मायस्पेसने त्याच वर्षी कबूल केलं की सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले ते गेलेच. सेवा चौघांच्याही फुकटच होत्या. निघताना माणसासारखं वागायला फार खर्च येतो असं दिसत नाही.

मग देणं नेमकं काय? माझी यादी छोटी आहे. बंद करायच्या आधी पुरेसा वेळ देऊन सांगा. ज्याचं सामान त्याला नेता येऊ द्या, खातं बंद केलं असेल तरीही. दार वाजवलं तर निदान एकदा तरी जिवंत माणसाने ऐकावं. आणि ज्याची हमी देऊ शकत नाही, ते अगोदर स्पष्ट सांगा. चाळीस पानी अटींत सतराव्या पानावर नको, दारावर लिहा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एवढी ओझी लादली तर छोटा माणूस फुकट काही करणारच नाही. खरं आहे, फोन आल्यानंतर दोन दिवस मीही पेज बंद करायच्याच विचारात होतो. पण माझ्याकडून आणि अब्जावधी कमावणाऱ्या कंपनीकडून सारखीच अपेक्षा कोणी करत नाही. माझ्याकडून त्या ताईंना काय हवं होतं? आकड्याशेजारी तारीख आणि वेळ. बस. त्याला पैसा लागत नव्हता, फक्त वाचणाऱ्याचा विचार लागत होता.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. माफी मागितली. एक मशीन दुरुस्त झालं होतं, दुसरं भंगारात. मी थोडे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. चहा दिला, आणि विचारलं, "पेज परत चालू करणार ना?"

केलं. "आजची" हा शब्द काढला. आता प्रत्येक आकड्यासमोर तारीख आणि वेळ असते. वर लिहिलंय: हे पेज खाजगी आहे, तीन जण मिळून चालवतात, सहा तासांत आकडा बदललेला दिसला नाही तर यावर विसंबू नका, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा. एवढं करायला अर्धा तास लागला. तो मी दोन वर्षं काढला नव्हता.

माझे फोटो अजून मिळालेले नाहीत. वडिलांचा सायकलवाला फोटो चुलतभावाकडे असेल म्हणून मिरजेत विचारून आलो, नाही. अधूनमधून अर्ज टाकतो, दोन मिनिटांत उत्तर येतं. मात्र वर्ध्याकडचा तो माणूस अजून संपर्कात आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो: "भाऊ, मिळाले का फोटो?" त्याचं माझ्याशी काहीएक देणंघेणं नाही.

ता.क. आज रात्री एवढं करा. आपल्या खात्यांवर कोणता नंबर दिलाय तो तपासा, बंद असेल तर लगेच बदला. सगळे फोटो एकदा पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर उतरवून घ्या. आणि घरातले जुने, महत्त्वाचे वीस फोटो तरी कागदावर छापून घ्या. दोन प्रती काढा, एक नातेवाइकांकडे उंचावर ठेवा. आपलं गाव नदीकाठी आहे. कोणाचं खातं असंच अडकून नंतर सुटलं असेल तर कसं सुटलं ते खाली लिहा, माझ्यासारख्या अजून कोणाला तरी उपयोग होईल.